नाटक-कादंबरी-सिनेमातलं 'घर' वाचायचं कसं? सहा बैठका आखायच्या आहेत

उंबरा

वाचनालयातल्या वाचकगटासाठी 'घर आणि आपलेपणा' या विषयावर सहा बैठका आखायच्या आहेत. प्रत्येक बैठक दोन तासांची. वीस-बावीस माणसं, पंचविशीपासून पंच्याहत्तरीपर्यंतची. पुस्तकं मराठीतली किंवा सहज मिळणारी हवीत, सिनेमे तीन-चार चालतील.

अडचण अशी की या विषयावर चर्चा पंधरा मिनिटांत आठवणींवर घसरते. आजोळ, अंगण, चूल, विहीर. त्या आठवणींना मोल आहे, पण समोरची कलाकृती बाजूला राहते आणि शेवटी 'घर म्हणजे माणसं' या वाक्यावर सगळे माना डोलावतात. ते वाक्य खोटं नाही, पण त्याने एकही नाटक नीट कळत नाही.

म्हणून विचारायचंय:
१. कलाकृतीत एखादं पात्र त्या घरचं आहे की नाही, हे ओळखायच्या नेमक्या खुणा कोणत्या?
२. गटाकडून हातांनी करून घेता येईल असं काही आहे का?
३. कुठल्या कलाकृती घ्याव्यात आणि कुठल्या क्रमाने?

---

तिसरी घंटा

सुरुवात 'वाडा चिरेबंदी'पासून करा. महेश एलकुंचवारांचं नाटक, १९८५ साली विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आलं. छापील संहिता सहज मिळते. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा, घरातल्या कर्त्या तात्याजींचा मृत्यू झालेला आणि तेराव्याच्या खर्चावरून ओढाताण.

चर्चा करण्याआधी नकाशा काढायला लावा. चार-चार जणांचे गट, प्रत्येकाला एक मोठा कागद, तीन रंगांच्या पेन्सिली, पंचवीस मिनिटं. रंगसूचना आणि संवाद यांतून वाड्याचा जितका भाग हाती लागतो तितकाच काढायचा. संहितेत नसलेली खोली मनाने घालायची नाही. मग प्रत्येक पात्राची वाट आखायची. न विचारता जिथवर जाता येतं तिथवर हिरवी रेघ, बोलावल्याशिवाय जाता येत नाही तिथे लाल, आणि जिथून पात्राला बाहेर पडता येत नाही तिथे काळी.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर या रेघांतच आहे. घर कुणाचं हे सातबारा किंवा खरेदीखत सांगतं. घरचं कोण हे मात्र न विचारता कुठवर जाता येतं त्यावरून कळतं. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला क्वचित येतात आणि बहुतेक चांगली नाटकं त्या फटीतच घडतात.

या नाटकात रेघा आखल्या की काय दिसतं पाहा. मुंबईहून आलेल्या मुलाचा, सुधीरचा, वाट्यावर हक्क आहे, पण घरात त्याचं वावरणं पाहुण्याचं आहे. मुलगी प्रभा जन्मापासून तिथेच. तिचं शिक्षण तिथेच थांबलं, आणि तिच्या वाट्याला काळी रेघ सर्वांत जास्त. धाकटा मुलगा चंदू अख्ख्या घरभर फिरतो, पण कामासाठी. त्याच्या हिरव्या रेघेला 'घरचा' म्हणायचं की 'राबणारा', यावर गट हमखास भांडेल. भांडू द्या. म्हातारी आजी, दादी, जागची हलत नाही आणि पुन्हा पुन्हा वेळ विचारत राहते. तिला रेघच नाही. अख्खा वाडा मात्र तिच्याभोवती उभा आहे.

दोन वस्तू जवळून पाहायला लावा. एक, दारापुढे बंद पडून गंजत असलेला ट्रॅक्टर. तो विकलाही जात नाही आणि दुरुस्तही होत नाही. घराला पुढे जायचं होतं याचा तो पुरावा आहे आणि आता तोच वाटेत आडवा आलाय. दुसरी, दागिने. रात्री एकटी असताना वहिनी, म्हणजे थोरली सून, ते सगळे अंगावर चढवते. दिवसा ज्या घराची ती फक्त कामकरी सून आहे, त्या घराची ती रात्रीच्या तेवढ्या वेळापुरती मालकीण होते. पुढे तिची मुलगी रंजू तेच दागिने घेऊन पळून जाते तेव्हा घरातून नेमकं काय गेलं, हा प्रश्न लिहून द्या. 'सोनं' हे उत्तर स्वीकारू नका.

चुका कुठे होतात तेही सांगतो. पहिली म्हणजे वाड्याला लगेच 'सरंजामशाहीचं प्रतीक' ठरवून मोकळं होणं. प्रतीक म्हटलं की ओसरी, माजघर, देवघर, परसू यांतले फरक पुसले जातात, आणि नाटक तर त्या फरकांवरच चालतं. ओसरीवर बोललेलं वाक्य माजघरात वेगळं लागतं. दुसरी चूक, नकाशा सुंदर काढण्यात वेळ घालवणं. पट्टी देऊच नका. तिसरी, तरुण मंडळींना दिंडी, ढेलज, सोपा हे शब्द ठाऊक नसतात आणि विचारायला ती लाजतात. पहिल्या दहा मिनिटांत फळ्यावर वाड्याचे भाग लिहून काढा. दिंडी म्हणजे मोठ्या दरवाज्यातलं लहान दार, ढेलज म्हणजे दरवाज्याच्या आतली पहारेकऱ्यांची जागा, सोपा म्हणजे ओसरी, असं एका ओळीत पुरतं.

वेळ उरलाच तर त्रिनाट्यधारेतल्या पुढच्या दोन नाटकांची, 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगांत'ची, फक्त सुरुवातीची रंगसूचना वाचा. १९९४ साली 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनात तिन्ही नाटकं सलग केली होती. तोच परिसर तीन काळांत कसा बदलतो हे रंगसूचनांतच उलगडतं.

---

रीळ

वरच्या नकाशाच्या पद्धतीला अनुमोदन. सिनेमात मात्र तीच पद्धत जशीच्या तशी चालत नाही. पडद्यावरचं घर तुकड्यांत दिसतं, आणि दोन खोल्या शेजारी आहेत असं कॅमेरा नुसतं भासवू शकतो. म्हणून सिनेमासाठी माझ्या तीन नोंदी: कॅमेरा किती उंचीवर आहे, दारातून कोण आत येताना दाखवलंय आणि कोण थेट आतच दिसतं, आणि घरातला आवाज कुठून येतो.

यासुजिरो ओझू यांचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) घ्या. कॅमेरा जमिनीलगत, चटईवर बसलेल्या माणसाच्याही नजरेखाली. भिंग जवळजवळ कायम ५० मिलिमीटरचं, म्हणजे खोली फुगवून किंवा दाबून दाखवली जात नाही. ओनोमिची गावाहून म्हातारे आईवडील टोकियोला मुलांकडे येतात. थोरला डॉक्टर, मुलीचं केशभूषेचं दुकान. कुणी दुष्ट नाही, पण कुणाला सवड नाही. शेवटी त्यांना आतामीच्या गरम झऱ्यांवर धाडलं जातं आणि तिथल्या रात्रीच्या गोंगाटात त्यांना झोप लागत नाही.

आता नोरिकोच्या खोलीचं दृश्य दोनदा दाखवा. ती युद्धात गेलेल्या मुलाची बायको, म्हणजे नात्याचा धागाच तुटलेला. खोली एवढीशी. सासऱ्यांना द्यायला घरात साके नाही म्हणून ती शेजारणीकडून मागून आणते. पहिल्यांदा दृश्य नेहमीसारखं दाखवा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, आणि तिचे हात काय करतात तेवढंच लिहायला सांगा. मग मुलीच्या घरातलं एखादं दृश्य तसंच पाहा. एकीकडे उसनं आणलेलं आहे आणि ते पुढे केलं जातंय. दुसरीकडे सगळं आहे आणि ते हिशेबाने दिलं जातंय. 'सून मुलींपेक्षा बरी' एवढाच निष्कर्ष निघाला तर दृश्य तिसऱ्यांदा दाखवा, कारण नोरिको स्वतः शेवटी आपण तितक्या चांगल्या नाही असं सासऱ्यांना सांगते. ते वाक्य सुटलं तर सिनेमा सुटला.

दुसरा, एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' (१९७३). आग्रा, फाळणीनंतरचा काळ. तिसरी घंटा यांनी मालकी आणि वावर यांतली फट म्हटली, ती इथे कायद्यातून उघडते. हवेली थोरल्या भावाच्या नावावर. तो पाकिस्तानात जातो आणि घर देश सोडून गेलेल्याची, म्हणजे निष्क्रांत मालमत्ता म्हणून सरकारकडे जातं. धाकटे भाऊ सलीम मिर्झा गेलेले नाहीत, जायचंही नाही, तरी घर जातं. गटाला हा कायद्याचा भाग आधी पाच मिनिटांत समजावून सांगा, नाहीतर अर्धे लोक 'पण ते तर तिथेच राहतात ना?' यातच अडकतात.

यातली म्हातारी आई घर सोडायच्या वेळी सरपणाच्या कोठडीत लपून बसते. पुढे शेवटच्या घटका मोजताना तिला डोलीतून त्याच हवेलीत परत आणतात, आता ती हवेली दुसऱ्याची झाली असताना. ती नवरी म्हणून जशी आली होती तशीच आणली जाते. या दृश्यावर भाषण करू नका. डोली दारातून आत जाताना कॅमेरा कुठे आहे एवढंच विचारा.

सलीम मिर्झांचं भाड्याची जागा शोधणंही बारकाईने पाहायला लावा. आपलं शहर, जोड्यांचा पिढीजात धंदा, ओळखीचे चेहरे, आणि भाड्याने खोली मिळत नाही. हवेली गेली त्याच्या दुःखापेक्षा हे नकार मला जास्त बोचणारे वाटतात, कारण त्यांत कुणी ओरडत नाही.

ऋत्विक घटक यांचा 'सुवर्णरेखा' सहा बैठकांत बसणार नाही असं मला वाटतं. तो स्वतंत्र बैठक मागतो, आणि फाळणीची एक बाजू गटाला आधी समजलेली असली तरच पोचतो.

---

पालावरून

दोन्ही प्रतिसाद मोलाचे, पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वाडा, हवेली, वडिलोपार्जित घर. म्हणजे ज्यांच्याकडे होतं आणि गेलं, त्यांचीच ही यादी आहे. सहाही बैठका अशाच झाल्या तर 'घर' म्हणजे गमावलेली गोष्ट असा समज पक्का होईल. मराठी साहित्यातला मोठा भाग याच्या उलट बाजूने लिहिला गेलाय: गावाने कधी आत घेतलंच नाही तिथून.

लक्ष्मण माने यांचं आत्मकथन 'उपरा' (१९८०) घ्याच. शीर्षकच तुमच्या विषयाचं उत्तर आहे. कैकाडी समाज, टोपल्या विणायच्या, बिऱ्हाड गाढवावर, मुक्काम गावाबाहेर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आपण सहज वापरतो, इथे ती रोजची वस्तुस्थिती आहे. या पुस्तकावर नकाशाची पद्धत लावायला गेलात तर कागद कोराच राहील, कारण खोल्याच नाहीत. म्हणून प्रमाण बदला. घराचा नकाशा नको, गावाचा काढा. पाणवठा, शाळा, देऊळ, पाटलाचा वाडा, पाल म्हणजे तंबू टाकलेली जागा. मग तेच रंग. न विचारता कुठवर? बहुतेक ठिकाणी लाल येईल. शाळेच्या दारात रेघ कोणत्या रंगाची, हा या पुस्तकाचा गाभा आहे.

त्याला जोडून आणखी एक रकाना वाढवा: 'किती दिवस'. वाड्यातल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. पालावरच्या माणसाला प्रत्येक मुक्कामी पडतो. वाचताना प्रत्येक मुक्काम कशामुळे हलला त्याची नोंद ठेवायला सांगा. काम संपलं म्हणून, की कुणी उठवलं म्हणून. ही दोन कारणं गटाने वेगळी मांडली नाहीत तर भटकंतीला 'मोकळं आयुष्य' म्हणायचा मोह होतो. तो वेळीच अडवायला हवा.

दया पवार यांचं 'बलुतं' (१९७८) वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं. गावातला महारवाडा आणि मुंबईतली कावाखाना ही वस्ती अशा दोन जागा त्यात आहेत, आणि शहर हे गावावरचं साधं उत्तर ठरत नाही. पूर्ण पुस्तक जमलं नाही तर या दोन जागांची वर्णनं शेजारी ठेवून वाचा. गावात जागा ठरलेली, ती जातीने ठरवलेली. मुंबईत जागा अपुरी, पण कुठे उभं राहायचं हे गावासारखं कुणी ठरवून देत नाही. तिथेही जात सुटते का, हे पुस्तकात शोधायला सांगा, आपण सांगू नका.

सिनेमात 'फँड्री' (२०१३). जब्या या शाळकरी मुलाचं घर गावाच्या कडेला. गाव त्यांना हाक मारतं ते डुकरं धरायला. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि डुकरामागे धावणारं अख्खं कुटुंब जागच्या जागी थांबतं, तो प्रसंग दाखवा आणि थांबा. देशाचे आहेत, गावाचे नाहीत. आपलेपणावरचं इतकं नेमकं दृश्य मराठी पडद्यावर मला दुसरं ठाऊक नाही.

क्रमाबद्दल: 'उपरा' दुसऱ्याच बैठकीत घ्या. शेवटी ठेवलंत तर ते 'आता दुसरी बाजू' असं वाटतं. दुसऱ्या बैठकीत आलं की पुढचं सगळं त्या नजरेने वाचलं जातं.

---

माजघर

पालावरून यांचं म्हणणं पटलं. त्याच धाग्याला धरून भाषेकडे वळते. 'होम' या एका इंग्रजी शब्दाभोवती पुष्कळ लेखन फिरतं. आपल्याकडे तेवढ्याच जागेत घर, बिऱ्हाड, माहेर, सासर, आजोळ, वतन, मूळ गाव इतके शब्द आहेत आणि एकाच्या जागी दुसरा ठेवता येत नाही. बिऱ्हाडकरू महिन्याचं भाडं वेळेवर देऊनही घरचा होत नाही. घरजावई घरात राहतो आणि त्या शब्दाने रोज कमी होतो.

अर्ध्या तासाचं काम देते. निवडलेल्या कलाकृतीची पाच पानं घ्या. त्यात 'आपलं', 'आमचं', 'तुमचं', 'माझं' हे शब्द घराला लागून कुठे येतात ते अधोरेखित करा, आणि समासात बोलणारा कोण हे लिहा. सून 'तुमच्याकडे' म्हणते की 'आपल्याकडे', आणि कोणत्या प्रसंगानंतर शब्द बदलतो. 'आपण' आणि 'आम्ही' हा फरक मराठीत ऐकणाऱ्याला आत घेतो किंवा बाहेर ठेवतो. त्यामुळे ही मोजदाद मराठी संहितेवर फार चांगली चालते. भाषांतरावर मात्र करू नका. तिथे सर्वनामं अनुवादकाने निवडलेली असतात.

'माहेर' या शब्दाला अर्धी बैठक द्या. बहिणाबाई चौधरींच्या कवितेत जोगी बाईला विचारतो, एवढं माहेर-माहेर करतेस तर सासरी नांदतेस कशाला. तिचं उत्तर असं की लेकीला माहेर मिळावं म्हणून आई सासरी नांदते. याचा अर्थ नीट उलगडा. माहेर ही जागा आपोआप नसते. कुणीतरी दुसरी बाई तिचं सासर सोडत नाही म्हणून ती उरते. म्हणजे 'घर कुणाचं' याबरोबर 'घर राखतं कोण' हाही रकाना हवा. 'वाडा चिरेबंदी'तल्या आई आणि वहिनी यांच्या रेघा या रकान्यासह पुन्हा पाहा.

याच्याच शेजारी 'सैराट'चा (२०१६) शेवट ठेवा. आर्ची स्वतःच्या दारात रांगोळी काढत असते आणि भाऊ येतो. ती त्याला आत घेते, चहा ठेवते, आईने पाठवलेल्या वस्तू हातात घेते. तिच्यासाठी तेवढ्या वेळात माहेर उंबऱ्याशी आलेलं असतं. पुढे तिचा आणि तिच्या नवऱ्याचा त्याच घरात खून होतो. लहान मूल घरातून बाहेर पडतं आणि त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटतात. लक्ष्मीची पावलं आपण आत येणारी काढतो. ही बाहेर जाणारी आहेत. गटातलं कुणीतरी हे स्वतःहून म्हणेल अशी वाट पाहा, निदान दोन मिनिटं गप्प राहा. ज्येष्ठ मंडळींना हा शेवट नक्की दाखवायचा का, हे आधी विचारून घ्या. तेवढाच भाग अचानक लावू नका.

---

उंबरा

सर्वांचे मनापासून आभार. नकाशा, 'किती दिवस' आणि 'राखतं कोण' हे तीन रकाने पक्के केले. दोन शंका. शहरातलं घर या यादीत राहिलंय, त्यात काय घ्यावं? आणि दोन तासांत सिनेमा आणि चर्चा बसवायची कशी?

---

रीळ

दुसऱ्या शंकेचं आधी. बसत नाही. 'टोकियो स्टोरी' सव्वादोन तासांचा, 'गर्म हवा' त्याहून थोडा मोठा, 'सैराट' जवळजवळ तीन तासांचा. सिनेमा आदल्या रविवारी वेगळा दाखवा आणि बैठकीत फक्त तीन तुकडे, प्रत्येकी पाच ते सात मिनिटांचे. तुकडे कुठून सुरू होतात त्या वेळा आधी कागदावर लिहून ठेवा, नाहीतर पुढे-मागे करण्यात वीस मिनिटं जातात. उपशीर्षकं मागच्या रांगेतून वाचता येतात का हे आदल्या दिवशी तपासा. आणि वाचनालयात दाखवणं म्हणजे सार्वजनिक खेळ, घरासाठी घेतलेल्या वर्गणीत किंवा तबकडीत तो हक्क येत नाही. हक्कधारकाची लेखी परवानगी महिनाभर आधी मागा.

शहरासाठी 'घरोंदा' (१९७७). अमोल पालेकर आणि झरीना वहाब, एकाच कचेरीतले दोघे, पैसे साठवून सदनिका नोंदवतात आणि बिल्डर फसवतो. इथे घर येण्याआधीच माणसं बदलतात. साठवलेल्या रकमेचा उल्लेख येईल तेव्हा गटाला बोट वर करायला सांगा. सिनेमाभर प्रेम आणि हप्ता किती जवळजवळ येतात ते मोजता येतं.

---

तिसरी घंटा

चाळीसाठी हॉलमध्ये एक गोष्ट करा. मुंबईतल्या बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. खडूने जमिनीवर १० फूट बाय १६ फुटांची चौकट आखा, कोपऱ्यात मोरी आणि ओटा. मोरीला ३ बाय ३ पुरे. आत आठ जणांना उभं करा आणि रात्री कोण कुठे झोपेल ते ठरवायला सांगा. दार उघडं ठेवायचं, कारण चाळीत दिवसा ते उघडंच असतं, आणि गॅलरीचा चार फुटांचा पट्टा बाहेर आखा. पाच मिनिटांत दोघं-तिघं आपसूक गॅलरीत जातात. मग 'पिया का घर'मधला (१९७२, मूळ मराठी 'मुंबईचा जावई', १९७०) नव्या जोडप्याला एकांत न मिळण्याचा कुठलाही प्रसंग लावा. त्यानंतर पुलंच्या 'बटाट्याची चाळ'मधलं शेवटचं 'चिंतन' मोठ्याने वाचा, वाचणारा चौकटीच्या आत उभा राहून.

एक कादंबरी सुचवतो, परदेशी असली तरी आपल्या माणसांची. व्ही. एस. नायपॉल यांची 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' (१९६१), त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या कुटुंबाची. अख्खी वाचायची गरज नाही, ग्रीन व्हेलचं घर आणि सुरुवातीचं प्रकरण पुरे. ग्रीन व्हेल या ऊसमळ्यावर घर बांधताना बिस्वास जुने पत्रे वापरतो, त्यांवरची खिळ्यांची भोकं डांबराने बुजवलेली. ऊन तापलं की डांबर वितळून छतातून काळ्या सापांसारखं लोंबतं. शेवटी सिकिम स्ट्रीटला घेतलेलं घरही दोषांनी भरलेलं, आणि ते डोक्यावर कर्ज ठेवून घेतलेलं. दोषांची यादी फळ्यावर लिहा, शेजारी प्रत्येक दोष त्याला कधी कळला ते लिहा. विकत घेतल्यावर कळूनही तो ते घर सोडत नाही, त्यावर उरलेला तास जाईल.

---

पालावरून

शेवटच्या बैठकीसाठी 'बनगरवाडी' (१९५५). व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी छोटी आहे, आठवड्यात होते. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे बाहेरून आलेला तरुण मास्तर. इथे उपरा तो आहे आणि त्याला आत घेणारी वाडी आहे, म्हणजे 'उपरा'च्या नेमकं उलट. त्याला वाडीने कधी आपला मानला, ते पान शोधायला सांगा. कुणी तालमीच्या बांधकामाशी थांबेल, कुणी त्याच्याही आधी. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते. आत घेतलं गेलेला माणूस उरतो आणि आत घेणारे जगायला बाहेर पडतात. पहिल्या बैठकीतले वाड्याचे नकाशे जपून ठेवा आणि त्या दिवशी भिंतीवर लावा.